एकच खातं, एकच नियम

"जात?"

कारकुनानं मान वर केली नाही. टेबलाशी आम्ही दोघी उभ्या होतो. माझ्या पुढं शेवंताक्का.

"मराठा," अक्का म्हणाली.

"धान्य निवडणं." त्यानं लिहून टाकलं. "पुढची."

मी पुढं झाले. नाव सांगितलं. गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं. वय मला नीट ठाऊक नव्हतं, ते त्यानंच माझ्याकडं एकदा बघून ठरवलं.

"जात?"

"मांग."

"मैला."

एवढंच. एक शब्द. मला आधी कळलंच नाही. वाटलं, माझ्या लुगड्याला म्हणतोय. दिवसभर एसटीची धूळ खाऊन आले होते. मी पदर झटकला.

शेजारी बायकांवरची जमादारीण उभी होती, ती फस्सकन हसली. "आगं, लुगड्याचं न्हाई. तुझं काम सांगत्यात."

मग फाटकावरचा शिपाईही हसला. कारकून हसला नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसावं. त्यानं शाई टिपली आणि पान उलटलं.

मला दोर वळता येत होता. केरसुणी बांधता येत होती. खडी फोडता येत होती, भांगलता येत होतं. धान्य निवडता तर कुठल्या बाईला येत नाही? त्यानं विचारलं नाही. अक्कालाही काही येतं का, विचारलं नाही. तिला जात विचारली आणि धान्य दिलं. मला जात विचारली आणि घाण दिली.

हे जिल्ह्याच्या जेलात झालं. सातारा की सांगली, ते मी सांगत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथला कारकून वाईट असेल. तो वाईट नव्हता. कोणीच वाईट नव्हतं. तेच तर सांगायचं आहे.

आधी तालुक्याच्या कोठडीत कशी आले ते सांगते.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आमचं गाव आटपाडीच्या अंगाला, माळावर. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच दुसरीबरोबर राहिला. माझ्याजवळ आई, एक लहान मुलगी आणि एक शेळी. मी खडी फोडायला जायची. शेळीचं दूध मुलीला. शेळी वाळली तसं दूध वाळलं.

गावाबाहेर सरकारनं जनावरांची छावणी उघडली होती. शेतकऱ्यांच्या बैलांना, म्हशींना तिथं चारा मिळायचा. मी शेळी घेऊन गेले. छावणीवर एक राखण्या होता.

"शेळ्या घेत न्हाई," तो म्हणाला. "आन तुमची तर न्हाईच न्हाई."

मी म्हटलं, "खाली सांडल्याला पाला गोळा करून न्हेऊ का?"

"शिवू नगस. तू शिवल्याला बैल खात न्हाईत."

बैलसुद्धा आमचा विटाळ धरतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भर दुपारी राखण्या झाडाखाली आडवा झाला होता. मी कडब्याची एक पेंढी उचलली. दहा पावलंही गेले नसेन. त्यानं मागून केस धरले आणि मला खाली पाडलं. मी त्याच्या हाताला चावले. रक्त निघालं. मग चोरीही झाली आणि मारहाणही झाली. कोर्टात मला विचारलं, "कबूल आहे?" मी म्हटलं, "पेंढी घेतली व्हय." पुढचं कुणी ऐकलं नाही. काही महिन्यांची शिक्षा झाली.

तालुक्याला जेल म्हणजे मामलेदार कचेरीच्या मागच्या कोठड्या. बाप्यांच्या वेगळ्या आणि बायकांची एक. पहाऱ्याला पोलीस असायचे, पण मालक मामलेदार. त्याला वाटेल तो नियम. सकाळ झाली की तो कैदी बाहेर काढायचा. एकानं त्याच्या बागेला पाणी घालायचं, एकानं म्हैस धुवायची. मला त्याच्या परसातलं झाडलोट आणि संडास. पाणी मागितलं तर त्याची बायको पायरीवर उभी राहून वरून ओंजळीत ओतायची. अर्धं कोपरावरून वाहून जायचं. खानावळीतून भाकरी यायची. बाप्यांच्या हातात द्यायचे. मला गजातून आत भिरकावायचे.

तेव्हा मला वाटायचं, याच्यापेक्षा वाईट काय असणार.

मग एक दिवस शेवंताबाई आली. घरंदाज पाटलाची सून. माहेर कुंडलकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. नवरा मिलिटरीत. बांधावरच्या भांडणात तिनं जावेच्या डोक्यात खुरपं घातलं होतं. जाऊ वाचली, ही आत आली.

दारात तिनं मला बघितलं आणि गज धरून ओरडायला लागली. "मला हिच्यासंगं कोंडू नगासा! मी पाटलाच्या घरातली हाय!"

पहाऱ्यावरचा पोलीस कळवळून म्हणाला, "वैनी, दुसरी खोलीच न्हाई. काय करू सांगा."

खाली मातीची जमीन होती. तिनं टाचेनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. आपला तांब्या पलीकडं ठेवला. "हिच्या अलीकडं यायाचं न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, "बरं, वैनीसाब." मला त्याचं काही वाटलं नाही. माझा सगळा जन्म रेघेच्या पलीकडंच गेला होता. ही निदान डोळ्यांना दिसत होती.

कोपऱ्यात पत्र्याची बादली असायची. आम्हा दोघींचं त्यातच. सकाळी ती बाहेर नेऊन ओतायची. कुणी ओतायची, हे कुणी ठरवलं नाही. मीच उचलायची.

मग मला हिवताप आला. असा की दात वाजायचे, मान उचलत नव्हती. बादली भरली. वासानं जीव नकोसा झाला. शेवंताबाईनं पोलिसाला हाक मारली. तो म्हणाला, "कचेरीचा झाडूवाला गावाला गेलाय, वैनी. मी न्हाई हात लावनार." तिनं उपाशी राहून बघितलं. नाकाला पदर लावून दाराशी बसून बघितलं. शेवटी उठली. पदर कमरेला खोचला, तोंड फिरवलं आणि बादली उचलून नेली. परत आली ती भडाभडा ओकली. हात मातीनं घासले, पुन्हा घासले. मग माझ्याजवळ आली, रेघेच्या या बाजूला. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी माझ्या तोंडात घातलं.

"मेलीस तर माझ्यावरच यायाचं," ती म्हणाली.

मी बरी झाले तरी दुसऱ्या दिवशी बादली तिनंच धरली. "आज माझी पाळी. उद्या तुझी." तिथून पाळी लागली. मी वैनीसाब म्हटलं की ती चिडायची. "वैनीसाब काय म्हनतीस? हितं कोन बघतंय? अक्का म्हन." दुपारी ती माझी वेणी घालायची. नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. तो सुट्टीवर येतो तेव्हा बुटाचा कसा आवाज येतो, ते तोंडानं करून दाखवायची. मी तिला माझ्या मुलीचं सांगायची. रेघ कधी पुसली कळलं नाही. आमच्याच पायांखाली पुसली.

ती थोर होती म्हणून हे झालं नाही. मी गोड होते म्हणूनही नाही. खोली एकच होती म्हणून झालं. पण झालं. माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणी वरच्या जातीच्या बाईनं माझ्या डोक्याला हात लावला होता, आणि तो मारायला नव्हता.

एके सकाळी मामलेदारानं सगळ्या कैद्यांना अंगणात उभं केलं. हातात सरकारचा हुकूम होता.

"ह्या कोठड्या बंद होणार," तो म्हणाला. "मामलेदारानं जेल सांभाळायचं हे इंग्रजांच्या वेळचं. आता तालुक्याचं वेगळं, जिल्ह्याचं वेगळं असं काही नाही. सगळी जेलं राज्याच्या एका खात्याखाली. तिथं डॉक्टर आहे, कपडे आहेत, वजन करून जेवण आहे. कोणाच्या घरी राबायचं नाही. एकच खातं, एकच नियम. समजलं?"

बाप्यांतला एक जण म्हणाला, "साहेब, मग आपल्या म्हशीचं कसं वो?"

सगळे हसले. त्याला कानाखाली बसली, तरी तो हसतच होता.

मी त्या दिवशी लय खूश होते. डॉक्टरसाठी नाही, कपड्यांसाठी नाही. एकच नियम. मी ते दोन शब्द मनात घोळवत राहिले. मामलेदाराचा नियम मला वेगळा आणि इतरांना वेगळा होता, कारण तो त्याच्या घरचा नियम होता. आता राज्याचा नियम येणार. राज्य काही माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतणार नाही. असं मला वाटलं. मी अडाणी होते. पण माझ्यापेक्षा शिकलेल्या लोकांनाही तसंच वाटत होतं, हे मी नंतर ऐकलं.

अक्का मात्र कष्टी झाली. "हितं मानूस येऊन भेटतंय. तितं कोन येतंय एवढ्या लांब?"

"मी हाय की," मी म्हटलं.

जाताना आम्हाला एसटीच्या मागच्या बाकावर बसवलं. बेडी एकच होती. तिच्या डाव्या हातात एक कडं, माझ्या उजव्या हातात दुसरं. वर पदर टाकला होता, तरी लोकांना कळत होतंच. विट्याच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. लांबच्या मुलखात सोन्याची भट्टी चालवणारा कुणी गावी आला होता, त्याच्या ट्रंका टपावरून उतरवत होते. तो बोटातल्या अंगठ्या फिरवत आमच्याकडं टक लावून बघत राहिला. पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. तिनं वळून विचारलं, "कुटं चाललाय गं? बहिनी बहिनी हाय काय?"

मी खाली बघितलं.

"व्हय," अक्का म्हणाली.

म्हातारीनं आम्हाला शेंगा दिल्या. अक्कानं फोडून माझ्या तळहातावर ठेवल्या. माझा उजवा हात बांधलेला होता ना.

उन्हं कलताना फाटकाशी आलो. आधी बेडी काढली. मग जात विचारली. पुढचं सांगितलंच आहे.

आत बायकांचं अंगण मोठं होतं. भिंती चुन्याच्या. खोल्या बऱ्याच. सगळं नेटकं. मामलेदाराच्या कोठडीत जागा नव्हती, म्हणून जातीला पाय पसरता आले नव्हते. इथं जागा होती. अक्काला मधल्या खोलीत टाकलं, मराठ्यांच्या आणि वाण्या-बामणांच्या बायकांत. मला टोकाच्या खोलीत, संडासाला लागून. पाण्याची मडकीही दोन. मी सवयीनं जवळच्या मडक्याला हात घातला तशी जमादारीण किंचाळली, "ए, तुझं मडकं तिकडं!"

अंगणात बसलेल्या सगळ्या बायकांनी बघितलं. मी अक्काकडं बघितलं. ती सूप हलवत होती. सुपातच बघत होती.

संध्याकाळी कुणी जवळ नाही असं बघून मी तिला हाक मारली. "अक्का."

ती आली. लांब उभी राहिली. हळूच म्हणाली, "हितं अक्का म्हनू नगस. वैनी म्हन."

दुसऱ्या सकाळी जमादारणीनं टोपली आणि खरवडायचा पत्रा दिला. टोपलीचं मी काही सांगणार नाही. ज्यांनी उचलली त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी उचलली नाही त्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते, दुपारी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला की हात थांबायचा. जेवण वजन करून मिळत होतं, मामलेदार खोटं बोलला नव्हता. मी ते वजन करून मिळालेलं जेवण टाकून द्यायची.

मी उचलली. बरेच दिवस उचलली. घरीही आम्ही घाण काढतच आलो होतो, त्यात नवल काय. पण घरी मला कधी बादलीची पाळी माहीत नव्हती. आता माहीत झाली होती. पाटलाच्या सुनेनं उचललेली बादली मी डोळ्यांनी बघितली होती. आभाळ कोसळलं नव्हतं. तिचे हात झडले नव्हते. एकदा हे बघितल्यावर मला ते विसरता येईना.

जेलचे मोठे साहेब आठवड्यातून एकदा अंगणात फिरायचे आणि तक्रारी विचारायचे. शांत माणूस. कधी कुणाला अरेतुरे करायचे नाहीत. मी हात जोडून उभी राहिले.

"साहेब, तालुक्याला आमी बादली पाळीनं उचलत हुतो. एक दिस मी, एक दिस ह्या. हितं बी सगळ्या जनींची पाळी लावा. माझं म्हननं एवढंच हाय."

"ह्या कोण?"

मी बोट केलं. शेवंताबाई सूप खाली ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"हे खरं आहे का, बाई?" साहेबांनी विचारलं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. इतर बायकांकडं बघत होती. त्या तिच्याकडं बघत होत्या. रोज तिनं निवडलेलं धान्य खाणाऱ्या बायका.

"न्हाई, साहेब," ती म्हणाली. "ही खोटं बोलतीया. मी कवाच शिवली न्हाई. आमच्यात असलं न्हाई."

कुणीतरी म्हणालं, "बघा की, मांगाच्या जातीचं तोंड." कुणीतरी थुंकलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. शाळेत मास्तर सांगतात तसं. "हे बघ, ज्याला ज्या कामाची सवय आहे त्याला ते काम द्यायचं, असा नियम आहे. ह्यांना जमणार नाही. तुला जमतं. यात अपमान कसला? आणि हा नियम काही मी केलेला नाही. पूर्वीपासून चालत आलाय. तालुक्याला मामलेदाराच्या मर्जीनं चालायचं, तसं इथं नाही. आता राज्यभर सगळीकडं हेच."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी टोकाच्या खोलीत येऊन बसले. मामलेदाराला मी मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या होत्या. तो माणूस होता. त्याची बदली झाली असती, एक दिवस तो मेला असता, दुसरा आला असता, तो जरा बरा असता. पण हे माणसाचं नव्हतं. हे आता छापलेलं होतं. आटपाडीहून निघा, वाईहून निघा, कुठल्याही तालुक्याहून निघा, फाटकावर तेच विचारणार आणि तेच देणार. मी ज्या एका नियमाची वाट बघत आले होते, तो हाच होता. आमच्या वस्तीवर ओढलेली रेघ आता सगळ्या राज्यावर ओढली होती. आणि ती टाचेनं ओढलेली नव्हती, की आमच्या पायांनी पुसावी.

सकाळी जमादारीण आली. टोपली माझ्या पुढ्यात टाकली.

"उचल."

"न्हाई."

"काय म्हनलीस?"

मी बसूनच बोलले. "धान्य निवडीन. दळीन. दोर वळीन. सगळ्यांची पाळी लावा, माझ्या पाळीला मी घाण बी काढीन. एकटी उचलनार न्हाई."

"आगं ए, डोकं फिरलं का? तुझी जात काय, बोलतीस काय?"

"जात तुमी लिवलीया. काम मी सांगतीया."

तिनं मला केसाला धरून अंगणातून ओढत नेलं. बायका सुपं घेऊन बाजूला सरकल्या, मी शिवू नये म्हणून. मला एकटीला कोंडलं. एक वेळचं जेवण तोडलं. चांगल्या वागणुकीची जी सूट मिळते ती गेली. भेटी बंद.

संडास तसेच राहिले. अंगणात वास सुटला. बायका शिव्या द्यायला लागल्या. साहेबाला नाही, जमादारणीला नाही, मला. एकीनं निवडलेल्या धान्यातले खडे मूठ भरून माझ्या दारावर मारले. उठून स्वतःची घाण कुणी उचलली नाही. नाकाला पदर लावून त्या माझी वाट बघत राहिल्या.

एका दुपारी शेवंताबाई दाराशी आली. हातात अर्धी भाकरी. गजातून आत धरली.

"घे. खा."

मी घेतली नाही.

"तू असं का करतीस?" ती रडकुंडीला आली होती. "तुमाला सवय असती. तुझं काय जातंय? मला सासरी जायाचं हाय. मी बादली उचलल्याली तितं कळलं तर माझं मानूस मला उंबऱ्यात उभं करायचं न्हाई. मला दुसरं काय हाय सांग."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच दुसरं काही नव्हतं. मला त्याचा राग आला नाही, हेच मला आजही जड जातं.

"मला बी घरी जायाचं हाय, वैनी," मी म्हटलं.

वैनी म्हटल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला. भाकरी तिच्या हातातच राहिली. परत ती आली नाही.

काही दिवसांनी जमादारीण दार उघडून म्हणाली, "म्हातारी आलती तुझी. पोरगी हुती काखंत."

मी उठून उभी राहिले.

"परत लावून दिली. तुझी भेट बंद हाय."

"काय म्हनली?"

"काय म्हननार? भाकरी बांधून आनलीती. आत घ्यायचा नियम न्हाई म्हनल्यावर तितंच फाटकाशी बसून पोरीला चारली."

ती गेल्यावर मी दाराला डोकं आपटलं. टोपली उचलली असती तर मुलीला बघता आलं असतं. भिंतीपलीकडं माझी मुलगी भाकरी खाऊन गेली आणि मला आवाजसुद्धा आला नाही. त्या दिवशी मी मोडले होते, खरं सांगते. जमादारणीनं त्याच वेळी टोपली पुढं केली असती तर मी उचलली असती. तिनं केली नाही. गरजच नव्हती.

कारण दुसरी मिळाली होती.

आणखी एका तालुक्याची कोठडी बंद झाली होती. तिथून एक म्हातारी आणली. सखूमावशी. पाठीला बाक, एका डोळ्यात फूल. तिलाही फाटकावर तेच विचारलं असणार आणि तिनंही तेच उत्तर दिलं असणार. सकाळी गजातून बघते तर टोपली तिच्या डोक्यावर. चालताना एका हातानं भिंत धरत होती. टोपलीतून गळत होतं. सुपं घेऊन बसलेल्या बायका सुटकेचा श्वास टाकून निवडायला लागल्या.

"मावशे!" मी ओरडले. "खाली ठेव ती!"

ती थांबली. गजाजवळ आली. कोण ओरडतंय ते दिसत नव्हतं तिला नीट.

"तू व्हय नको म्हनल्याली?"

"व्हय. तू बी ठेव. दोघी झालो तर त्यास्नी काय करता येनार न्हाई."

तिनं मान हलवली. "न्हाई गं बाई. माजं थोडं दिस ऱ्हायल्यात. ल्योक वाट बघतूय. तू तरणी हाईस, तुला भांडता येतंय. माजं भांडायचं वय ग्येलं, आन तवा बी मला जमलं न्हाई." मग टोपली सावरून म्हणाली, "तू न्हाई म्हनलीस म्हून तर माज्या डोक्यावर आली ही."

आणि गेली. भिंत धरत धरत.

मी गज धरून उभी होते. मला वाटत होतं मी मोठं काही केलं. काय केलं? टोपली थांबली नव्हती. काही दिवस अडली, एवढंच. फक्त डोकं बदललं होतं. आणि तेही आमच्यातलंच. नियमाला माझी गरज नव्हती. त्याला मांगाची कुणीही बाई चालत होती.

शेवंताबाई माझ्या आधी सुटली. तिची सूट शाबूत होती. नवरा न्यायला आला होता, बुटाचा आवाज मी ओळखला. ती माझ्या दारावरून गेली. पावलं जरा मंद झाली, असं मला वाटलं. वाटलंच असेल. मी उठून गजाशी जाईपर्यंत दिसल्या फक्त टाचा. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

मी शिक्षा पुरी भोगली. एक दिवस कमी नाही.

घरी आले तर शेळी नव्हती. मुलगी आईच्या मागं लपली. मला बघून रडली. आईनं माझ्यासमोर भाकरी ठेवली. मग म्हणाली, "सगळी जात उचलती. माज्या आईनं उचलली, मी उचलली. तुज्याच डोक्याला काय सोनं लागलं हुतं? गप उचलली असतीस तर पोरीला बघितलं असतंस."

वस्तीतले बाप्येही तेच म्हणाले. एक जण हसून म्हणाला, "सरकारासंगं भांडून आली बाय!" गावात मला खडीच्या कामावर परत घेतलं नाही. चावणारी बाई म्हणून.

मी कुणाशी वाद घातला नाही. आई चूक बोलत नव्हती. तिनं जे बघितलं तेवढंच ती बोलत होती. पण मी एक बघून आले होते जे तिनं बघितलं नव्हतं. एकटीनं नाही म्हटलं की टोपली दुसरीच्या डोक्यावर जाते.

तेव्हापासून आमच्या वस्तीतली, शेजारच्या वस्तीतली, कुठलीही बाई पकडली गेली की मी जाते. चारा घेतला म्हणून, सरपण तोडलं म्हणून, कशालाही पकडतात. कोर्टाच्या आवारात तिला गाठते. पोलीस हाकलतात, मी परत येऊन उभी राहते. गाडीत बसायच्या आधी तिला सांगते, "आत जात विचारतील. लपवू नगस, सांग. मग काम देतील. एकटीला दिलं तर उचलू नगस. सगळ्यांची पाळी माग. आत अजून कोन आपली हाय ती आधी बघ, तिला धर, मग दोघी मिळून न्हाई म्हना."

त्या माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. कुणी मान हलवते, कुणी शिवी देते. आत जाऊन उचलतात. मला ठाऊक आहे, कारण सुटून आल्यावर माझी नजर चुकवतात. आजवर दोघींनी मिळून नाही म्हटलं असं एकदाही कानावर आलं नाही. येईल असंही मी म्हणत नाही.

तरी मी जाणार. ज्या दिवशी दोघी नाही म्हणतील, त्या दिवशी जेलवाल्यांना तिसरी शोधावी लागेल. तिला त्यांच्या आधी मी गाठणार.